बार्शी रस्त्यावरच्या मावशी आणि टेम्पोवाले दादा, आभार!

रविवारी दिवस मावळताना नान्नजकडून सायकलवर सोलापूरला परतत होते. माळढोक अभयारण्याच्या बाजूचा माळ, वस्ती तुरळक. मोटारसायकलवरचे दोघे मागे लागले. पुढे जायचे, थांबायचे, पुन्हा मागे यायचे. टपरी दिसताच मी तिकडे वळले.

मावशी, तुम्ही काही विचारलंसुद्धा नाही. "बस गं लेकरा" म्हणालात आणि तेल ठिबकणारा भज्यांचा झारा घेऊन थेट रस्त्यावर उभ्या राहिलात. दोघांनी गाडी पिटाळली!

कांद्याच्या टेम्पोतल्या पोराने तेवढ्यात गाडीचा नंबर तळहातावर लिहून घेतला, तोच मी ११२ वर सांगितला. दादा, "सायकलनेच जाणार" म्हटल्यावर तुम्ही हुज्जत न घालता दिवे लावून शहर येईपर्यंत मागे राहिलात.

मिरचीचा स्प्रे बाळगा म्हणून सगळे सांगतात. बाळगावा, पण माळावरचा वारा उलटला तर तो आपल्याच डोळ्यांत. मला हँडलची शिट्टी आणि चार माणसं असलेली जागा जास्त भरवशाची वाटते.

मावशी, भज्यांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. पुढच्या फेरीत घ्यावेच लागतील.