बेंगकाला शापितही नाही आणि मुकंही नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर ‘बालीतील मुक्यांचे शापित गाव’ या मथळ्याची एक चौकट आली आहे. सोबत फोटो आहे. त्यात एक म्हातारेबुवा हात वर करून आकाशाकडे बोट दाखवतायत आणि खाली ओळ, ‘देवाची करुणा भाकणारा मुका ग्रामस्थ’. चौकट असेल जेमतेम दीडशे शब्दांची, पण तिच्यातल्या चुका पोस्टकार्डावर मावेनात, म्हणून हे लांबलचक पत्र. त्या बेंगकालात मी दोनदा जाऊन आले आहे. माझा मुलगा जन्मापासून बहिरा आहे, आता छत्तीस वर्षांचा. गेले ते त्याच्याच हट्टापायी.

बाली म्हटलं की लोक दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर उतरतात आणि तिथूनच परततात. बेंगकाला आहे उत्तरेला, बुलेलेंग जिल्ह्यात. सिंगाराजाहून समुद्राच्या कडेकडेनं पूर्वेला जायचं आणि कुबुतांबाहानला डोंगराकडे वळायचं. कुबुतांबाहानला मेदुवे कारांग नावाचं देऊळ आहे. त्याच्या भिंतीवर चक्क सायकलवर बसलेला गोरा माणूस कोरलाय आणि सायकलचं मागचं चाक म्हणजे उमललेलं कमळ! न्यूवेनकॅम्प नावाचा डच चित्रकार १९०४ साली या भागात सायकलवरून हिंडला होता, तोच हा म्हणतात. मुलगा त्या कमळापाशी अर्धा तास अडकला. आमचा ड्रायव्हर घड्याळ दाखवून थकला.

पुढे चढ, कोरडी जमीन, गाईगुरं. फोटो काढावा असं गावात फारसं काही नाही. गाव जुनं मात्र खरं. राजा जयपंगुसचा शके ११०३चा, म्हणजे ११८१ सालचा लेख या गावाच्या नावानं ओळखला जातो. तिकडेही शकच मोजतात, हे ऐकून मला उगीचच बरं वाटलं.

आता चौकटीकडे वळते. ‘गावातील सर्व जण मुके’ असं आपण छापलंत. १९९५ साली डॉक्टरांनी या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात २,१८५ लोकांपैकी जन्मतः बहिरे ४७ होते. म्हणजे शंभरात दोन. एरवी हजार मुलांमागे एखाद-दुसरं मूल असं जन्मतं, त्या मानानं हे खूपच, पण सर्व नव्हे. कारण आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच मूल बहिरं होतं. एकाकडूनच आलं तर ऐकू नीट येतं, जनुक मात्र पुढे जातं. गावातल्या ऐकणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के लोक ते असं नकळत बाळगून होते. १९९८ मध्ये सतराव्या गुणसूत्रावरचं ते जनुक नेमकं सापडलं आणि भारतातल्या दोन कुटुंबांमध्येही त्याच जनुकात दोष निघाला. शापच असेल तर तो समुद्र ओलांडून आला म्हणायचा. शापाची गोष्ट गावातही सांगतात, नाही असं नाही. पण आम्हाला सांगणारी बाई ती हसत हसत सांगत होती. बहिऱ्यांचा वेगळा देव असतो, अशीही तिथे समजूत आहे, तीही छापायची होती.

आणि ‘मुके’? बालीच्या भाषेत कोलोक म्हणजे बहिरा आणि काता कोलोक म्हणजे बहिऱ्यांचं बोलणं. ही हातांची भाषा कुठल्या शाळेनं शिकवलेली नाही, बाहेरून आणलेली नाही. निदान पाच पिढ्या ती याच गावात बोलली जाते. इ गेडे मार्साजा या बालीच्याच अभ्यासकानं २००८ साली तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलंय. बहिरे मूठभर, पण ऐकू येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना ही भाषा कमीजास्त येते. मी गेले होते बहिऱ्यांना बघायला आणि बघत बसले ऐकणाऱ्यांना. एक बाई कडेवरच्या पोराला दटावत होती, तोंडानं, आणि मोकळ्या हातानं समोरच्या बहिऱ्या शेजाऱ्याशी गप्पा मारत होती. दोन्ही एकाच वेळी.

माझ्या मुलाला भारतीय सांकेतिक भाषा येते. काता कोलोकशी तिचं काहीही नातं नाही. तरी तासाभरात त्याचं तिथल्या एका आजोबांशी जमलं. त्यांनी विचारलं, घर कुठं? यानं सवयीनं हात कुठंतरी हवेत उडवला. आजोबा थांबले. मान हलवली. सूर्य इकडून उगवतो, तिकडं मावळतो, समुद्र खाली उत्तरेला, असं सगळं हातानं मांडून त्यांनी याचं मनगट धरलं आणि वायव्येकडे वळवलं. त्या भाषेत बोट दाखवायचं तर खऱ्या जागेकडेच. माणसाबद्दल बोलायचं तर त्याच्या घराच्या दिशेनं बोट, मग मधे चार भिंती असोत. आमचं अख्खं भारतवर्ष त्या दिवशी योग्य जागी बसलं.

मला यातलं निम्मं नंतर कळलं. आजोबांचं बोलणं ती कडेवर पोर असलेली बाई बालीच्या भाषेत सांगणार, ड्रायव्हर ते इंग्रजीत करणार, मग ते माझ्यापर्यंत पोचणार. तोवर ते दोघं हसून पुढच्या विषयावर गेलेले असायचे. मी समोरची कॉफी पीत बसले, तर तळाशी दोन बोटं गाळ! तिकडे ती न गाळताच देतात. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा विनोद मला उशिरा कळत होता आणि त्याला आधी.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, लिहितेच. मुलगा लहान असताना त्याच्या शाळेत हात मांडीखाली दाबून बसवत, म्हणजे मूल ओठांनी बोलायला शिकेल. आम्हालाही घरी तेच करायला सांगितलं होतं. तीन वर्षं मी ते केलं. बेंगकालातल्या कुठल्याही अडाणी म्हातारीला हे सांगितलं असतं, तर तिनं मला वेड्यात काढलं असतं.

तिथले बहिरे शेती करतात, गुरं राखतात. गावाच्या पाण्याचे पाइप दुरुस्त ठेवणं, थडगी खणणं, राखण करणं ही कामं परंपरेनं त्यांच्याकडे. गावकीच्या वर्गणीत त्यांना सूट असते. ‘जांगेर’ नाचाचं त्यांचं स्वतःचं रूप आहे, जांगेर कोलोक. आम्हाला ते बघायला मिळालं नाही. रंगांना या भाषेत चारच खुणा: काळा, पांढरा, लाल आणि हिरव्या-निळ्याला मिळून एक. बाकी रंग हवा असला की जवळपास त्या रंगाचं जे असेल, त्याच्याकडे बोट. माझ्या पिवळ्या ओढणीचा दिवसभरात बराच उपयोग झाला.

आता मात्र ही भाषा ओसरते आहे आणि त्यावर चार ओळी आपल्या चौकटीत हव्या होत्या. गावातल्या शाळेत २००७ पासून बहिरी मुलं इतरांबरोबर शिकतात, पण बरीच तरुण मंडळी दक्षिणेला जिंबारानच्या निवासी शाळेत शिकलेली आहेत. तिथे त्यांना इंडोनेशियाची सांकेतिक भाषा मिळते, दुसऱ्या गावचे बहिरे मित्र मिळतात, लग्नंही जमतात. बाहेर लग्न झालं की तेच जनुक दोन्हीकडून यायचं बंद होतं आणि मूल ऐकणारं जन्मतं. घरात त्याचा आनंदच होतो. पाळण्यातून काता कोलोक शिकणारं बहिरं मूल मात्र एकेक करून कमी होत जातं. मुलाला हे समजावताना माझे हात मधेच थांबले. त्यानं विचारलं, मग वाईट वाटायचं की बरं? मी कॉफीचा कप उचलला.

विनंती एवढीच, की चूक दुरुस्त करून छापावी आणि ‘मुके’ हा शब्द आपल्या कार्यालयातून कायमचा हद्दपार करावा. बहिरे म्हणा, कर्णबधिर म्हणा, माझा मुलगा स्वतःला बहिराच म्हणवतो.

आणि तो फोटो. काता कोलोकमध्ये वेळ सांगायची तर सूर्य त्या वेळी जिथं असेल, आकाशात तिथं बोट दाखवतात. ते आजोबा करुणाबिरुणा काही भाकत नसावेत. फोटो काढणाऱ्यानं त्यांना बहुधा काहीतरी कधीचं ते विचारलं असणार. गाव उत्तरउताराचं, समुद्र त्यांच्या डाव्या हाताला दिसतोय, म्हणजे तोंड पूर्वेकडे. बोटाचा कोन पाहता सकाळचे नऊ-साडेनऊ.

आपली,
एक जुनी वाचक