सिस्टर, आजही साडेपाचलाच उठले

आदरणीय सिस्टर,

मार्चअखेरीस तुमच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. लोकलच्या डब्यात आम्ही तुमची ओटी भरली, पेढे वाटले, फोटो काढले आणि तेवढ्यात माझं रबाळे आलं. मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावर सकाळी डोळे चोळत उभ्या असलेल्या बायका मला रोज दिसतात. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

तुम्ही मला पहिल्यांदा हलवून उठवलंत ते तुर्भ्याला. २०२३ चा नोव्हेंबर. मला उतरायचं होतं रबाळ्याला आणि त्या आठवड्यात मी दुसऱ्यांदा झोपेत पुढे आले होते. आदल्याच दिवशी एका चलनावर ४०० नगांच्या जागी ४,००० लिहून बसले होते. तुम्ही हात लावलात आणि मला रडूच फुटलं. तुमची ड्यूटी चुकत होती, तरी तुम्ही माझ्याबरोबर उतरलात आणि ठाण्याकडची गाडी येईपर्यंत बाकावर बसून राहिलात. तुम्ही विचारलंत, "घरी तान्हं बाळ आहे का गं?" नव्हतं. मग सांगितलं सगळं.

जुलैत बाबांना न्यूमोनिया झाला होता. तीन आठवडे रात्रीची मीच त्यांच्याजवळ असायचे, मशीनचा आवाज बदलला की दचकून उठायचे. बाबा बरे होऊन घरी आले, काठीशिवाय चालायला लागले. माझी झोप मात्र परत आली नाही. साडेनऊलाच अंथरुणावर पडायचे आणि साडेबारापर्यंत पंख्याकडे बघत राहायचे. सासूबाई रोज काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळून द्यायच्या. जायफळ उगाळून दुधात घेतलं, खसखशीची खीर झाली, ब्राह्मीचं तेल झालं. सकाळी उठल्यावर प्रत्येकाचा एकच प्रश्न: झोप लागली का? त्या प्रश्नाची मला संध्याकाळपासून धास्ती वाटायची.

तुम्ही यातल्या कशालाही नावं ठेवली नाहीत. "तूप चोळू दे त्यांना, माया असते त्यात. जायफळ मात्र चिमटीपुढे नको, जास्त झालं की छातीत धडधडतं, भ्रमही होतो." आणि मग तो प्रश्न, जो तोवर कुणीच विचारला नव्हता: "उठतेस किती वाजता?"

पण पुढचं काही सांगण्याआधी तुम्ही मला डॉक्टरांकडे धाडलंत. थायरॉईड, हिमोग्लोबिन बघून घ्यायला सांगितलंत. मी घोरते का, झोपेत श्वास अडकतो का, हे नवऱ्याला विचारायला लावलंत. तसं असेल तर तो वेगळा आजार, त्याचे उपाय वेगळे. ऑफिसातल्या एकीने मला तिच्या आईची अल्प्राझोलामची, म्हणजे चिंता कमी करून गुंगी आणणारी, अर्धी गोळी दिली होती, ते ऐकून तुम्ही एकदाच माझ्यावर रागावलात. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घ्यायची नाही, तिची सवय लागते, आणि जे रोज घेतात त्यांनीही ती आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. तुमचा तो चढलेला आवाज आठवला की आजही बरं वाटतं. कुणीतरी आपल्यासाठी इतकं घाबरलं होतं.

रिपोर्ट चांगले आले. मग वही. दोन आठवडे रोज सकाळी अंदाजाने लिहायचं: कितीला पडले, साधारण किती झोपले, कितीला उठले. रात्री घड्याळ बघायचं नाही. वही बघून तुम्ही ऐरोली ते रबाळे एवढ्या वेळात मला सगळं समजावलंत. "आठ तास गादीवर आणि पाच तास झोप. म्हणजे रोज तीन तास तू गादीला जागं राहायला शिकवतेस. बाबांचं आजारपण संपलं, पण झोप यावी म्हणून तू जे जे करते आहेस, तेच आता तिला येऊ देत नाहीये."

उपाय ऐकून मला धक्काच बसला. रात्री बारापर्यंत अंथरुणावर जायचं नाही आणि काही झालं तरी साडेपाचला उठायचं, रविवारीसुद्धा. जिला झोप नाही तिची झोप आणखी कापायची! पहिले दोन आठवडे फार कठीण गेले. दिवसा जास्त पेंग येणार म्हणून तुम्ही तेवढ्या काळापुरती माझी स्कूटी बंद केलीत. ज्यांना फिट येतात किंवा बायपोलरचा आजार आहे त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचंच नाही, हेही तेव्हाच बजावलंत. वाचणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावं.

पडल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. आमचं घर वन-आरके. दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. तिथे ओट्याजवळ खाली बसून, छोट्या पिवळ्या दिव्यात मी लसूण सोलायचे. मोबाइल नाही, टीव्ही नाही. डोळे जड झाले की परत गादीवर. नाही लागली तर पुन्हा लसूण. सकाळी सोललेल्या पाकळ्यांची वाटी बघून सासूबाईंना कळायचं रात्र कशी गेली, पण त्यांनी विचारणं सोडलं होतं. तुम्हीच तसा निरोप दिला होतात ना!

सगळ्यात पटलं ते वडापावचं. संध्याकाळी ऐरोली जाईपर्यंत उभ्या-उभ्यासुद्धा माझी डुलकी व्हायची. तुम्ही म्हणालात, "झोपही भुकेसारखीच असते. दिवसभर जागं राहिलं की साठत जाते. जेवायच्या आधी वडापाव खाल्लास तर ताटावर भूक कुठून लागणार?" तेव्हापासून परतीच्या गाडीत मी मुद्दाम गप्पा मारत येते. पाचचा चहाही सोडला. चहा-कॉफीतलं कॅफीन शरीरातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. हे ठाऊक असतं तर तो कप मी कधीच खाली ठेवला असता.

आणि सकाळची ती गुंगी. उठल्यावर अर्धा तास, कधी तासभर डोकं जड राहतं त्याचा अर्थ रात्र वाया गेली असा नाही, मेंदू हळूहळू जागा होतो, हे तुम्ही सांगितल्यावर तिची भीतीच गेली. उजेड घे, म्हणालात. उन्हाळ्यात मी कचराळी तलावाला दोन फेऱ्या मारते. थंडीत सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा पारसिकच्या डोंगरावरून येणाऱ्या उन्हासाठी गाडीत डावीकडची खिडकी धरते. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो.

आठवडाभर झोप बऱ्यापैकी सलग लागली की पंधरा मिनिटं आधी पडायचं. बाराचे पावणेबारा, मग साडेअकरा. दोन महिन्यांनी मी पावणेअकराला पडून साडेपाचपर्यंत झोपू लागले.

या पद्धतीचं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत. मी पुढे वाचलं. गादीचा आणि झोपेचा संबंध नव्याने जोडायचा विचार अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडला, अंथरुणावरचा वेळ कापण्याची रीत तिथलेच मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांची, १९८७ ची. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हा वर्तनोपचार द्यावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं. वाचताना मला सारखं वाटत होतं, हे सगळं माझ्यापर्यंत एका सकाळच्या लोकलमध्ये, विनामूल्य, रोज थोडं थोडं करून आलं. तुम्ही तेव्हा स्वतः ड्यूट्या करून थकलेल्या असायच्या. तरी माझी वही बघितल्याशिवाय तुम्ही एकदाही डोळे मिटले नाहीत.

वाईट रात्री अजून येतात. मंगळवारी बाबांना ताप होता, फोन आला आणि मी दोन वेळा स्वयंपाकघरात जाऊन बसले. आता तुम्ही समोर नसता, म्हणून इथेच सांगते. बुधवारी साडेपाच. गुरुवारी साडेपाच. आजही साडेपाच.

तुमची,
रबाळ्याला उतरणारी