मिरचीचं माहेर

ओआहाका, मेक्सिको
4 नोव्हेंबर

ती. आई-बाबांना
शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडं खातेस तरी काय गं?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

इथल्या बाजारात पहिल्या दिवशी शिरले आणि ठसकाच लागला. मातीच्या तव्यावर वाळक्या मिरच्या पार काळ्या पडेस्तोवर भाजत होते. डोळे मिटले तर संकेश्वरात आपण वर्षाची चटणी करतो तो दिवस! त्या मिरच्या, तीळ, दालचिनी, लवंग, करपवलेली मक्याची भाकरी असं सगळं वाटून काळा रस्सा करतात, त्याला 'मोले' म्हणतात. त्यात थोडं चॉकलेटही पडतं. मला आधी पटलं नव्हतं, पण खाऊन बघ. पाटा तीन पायांचा, पुढं उतरता. बाई गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी वरवंटा लोटते, अगदी आज्जीसारखी.

मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात. साल सुटते आणि मक्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. ही रीत न शिकता युरोपातल्या गरिबांनी नुसता मका खाल्ला आणि त्यांना पेलाग्रा नावाचा रोग झाला, त्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं होणारा.

बाबा, तुम्ही संकेश्वरी मिरचीचा एवढा अभिमान बाळगता, तिचं माहेर हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली. आपल्या दसऱ्याचा झेंडूसुद्धा इकडचाच!

1 आणि 2 नोव्हेंबरला इथं गेलेल्या माणसांसाठी पान मांडतात, आपल्या पितृपक्षासारखं. दारापासून झेंडूच्या पाकळ्यांची वाट करतात, म्हणजे त्यांना घर सापडतं. मी राहते त्या घरच्या मावशी म्हणाल्या, तुझंही कुणी असेल तर फोटो ठेव. मोबाईलमधला आज्जीचा फोटो छापून आणला. पुढं भाकरी ठेवली आणि तू डब्यात दिलेली चटणी. तिला भाकरीबरोबर दुसरं काही लागायचंच नाही.

इस्तंबूल, लिस्बन दोन्ही आवडली होती. पण तुम्हाला घेऊन यावं असं वाटलं ते इथंच. बाबांच्या गुडघ्याची काळजी नको, मोंते आल्बान म्हणून जुन्या शहराच्या अवशेषांचा डोंगर आहे, तो नाही चढलो तरी चालेल. चौकात मोठ्या झाडांखाली बाकं आहेत, संध्याकाळी बँड वाजतो. पासपोर्टाचे कागद तेवढे काढून ठेवा, आल्यावर मी फॉर्म भरते.

तुमची,
सुमी