आरसीवर १३२०, रस्त्यावर १३४५

संपादक महोदय,

दुचाकीच्या आरसीवर व्हीलबेसचा एक रकाना असतो. पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंतचे अंतर तिथे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. मागे ड्रम ब्रेक असलेल्या जुन्या पल्सर १५० चा व्हीलबेस १३२० मिमी आहे. २०१८ साली दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली १५० आली, तिचा १३४५ आणि पल्सर २२० चा १३५०. मागेही डिस्क ब्रेक हवा म्हणून जुन्या १५० ला यांपैकी एखादीचा स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा, वर-खाली हलणारा सांगाडा), म्हणजे गॅरेजच्या भाषेत मागचा चिमटा, आणि चाक बसवले की रस्त्यावरची गाडी आणि आरसीवरची गाडी एक राहत नाही. ‘थेट बसतो, काही करावे लागत नाही’ असे सांगून हे काम सध्या सर्रास चालले आहे. पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात, जिथे ही गाडी बनते तिथेच, ते अर्ध्या दिवसात आटोपले जाते. आमचे म्हणणे असे की काम अवघड असले तरी अशक्य नाही. पण मोजमापाशिवाय केले तर ते धोक्याचेच आहे. मोजायचे काय, ते वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

सुरुवात भंगारातून आणलेल्या चिमट्यापासून करावी लागते. गाडी अपघातात गेल्याशिवाय चांगला चिमटा सहसा बाजारात येत नाही. ताजा काळा रंग मारलेला असेल तर आधी तो उतरवा. आडव्या नळीच्या जोडाशी आणि शॉकअपच्या कानांशी वेल्डिंगच्या कडेने केसासारखी चीर शोधा. डोळ्यांवर विसंबू नका. लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर असे स्प्रेचे डबे हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतात. लाल रंग मारून दहा मिनिटे थांबायचे, पुसून काढायचे, वर पांढरा फवारायचा. चीर असली की लाल रेघ आपोआप वर येते. मग पिव्हटच्या, म्हणजे चिमटा चेसिसला जोडला जातो त्या सांध्याच्या, भोकातून एक सरळ दांडा आणि एक्सलच्या खाचांमधून दुसरा दांडा घालून मागून बघा. दोन्ही दांडे समांतर दिसले पाहिजेत. अर्ध्या मीटरच्या दांड्यात टोकाला एक-दीड मिलिमीटरहून जास्त पीळ दिसला तर तो चिमटा परत करा. गरम करून सरळ केलेला चिमटा कधीही बसवू नये.

खरी गफलत पिव्हटवर होते. चिमटा चेसिसच्या दोन कानांमध्ये बसतो. चिमट्याच्या पुढच्या टोकाच्या जाड नळीत, म्हणजे बॉसमध्ये, बुश (घर्षण झेलणारे अस्तर) असते आणि बुशच्या आत एक पोलादी नळी असते. बोल्ट आवळल्यावर दोन्ही कान या नळीवर दाबले जातात आणि चिमटा बुशवर मोकळा हलतो. नळी चिमट्याच्या बॉसपेक्षा किंचित लांब असते ती याचसाठी. दुसऱ्या मॉडेलचा चिमटा आणला की कानांमधले अंतर आणि या नळीची लांबी व्हर्नियरने मोजून बघणे हे पहिले काम. समजा, फट १.२ मिमी निघाली. ‘नट आवळला की जाईल’ म्हणून आवळली, तर ती फट नटाने जात नाही, चेसिसचे कान आत वाकून जाते. आणि वाकलेल्या कानाच्या वेल्डिंगला काही महिन्यांत तडा जातो. तिथे दोन्ही बाजूंना ०.६ मिमीची कठीण, घासलेली वॉशर हवी. बाजारातली ठोकळ पत्र्याची वॉशर झिजते आणि फट परत येते. उलट नळी लांब पडली म्हणून कान पसरवून चिमटा ठोकून बसवणे किंवा बॉस कानशीने घासणे, हे तर करूच नये. लेथवर नळीचे तोंड सरळ कापून घ्यायला पंधरा मिनिटे लागतात.

बसवल्यावर शॉकअप आणि चेन काढून चिमटा हाताने वर उचला आणि सोडा. साध्या बुशचा चिमटा स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला पाहिजे. अडला तर आवळ चुकली आहे. धाडकन पडला आणि टोकाला धरून आडवे हलवल्यावर टकटक लागली तर बुश सैल आहे. रबराचा सायलेंट ब्लॉक असेल तर नट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

चाकाचा प्रश्न एक्सलचा आणि बेअरिंगचा. ६२०२ बेअरिंगचे आतले माप १५ मिमी, बाहेरचे ३५. ६२०३ चे १७ आणि ४०. एक्सल १५ चा आणि बेअरिंग १७ चे निघाले की मध्ये पातळ पत्र्याची नळी सरकवली जाते. तो पत्रा चुरगळतो, चाक डुलते, आणि वळणावर मागचा भाग पोहतो. एक्सल बेअरिंगच्या मापाचाच घ्यावा आणि चिमट्याच्या खाचेत तो बसतो का हेही त्याच वेळी बघावे. हबच्या आत दोन बेअरिंगांच्या मध्ये आणखी एक नळी असते. जुने चाक खोलताना ती अनेकदा हरवते. तिच्याशिवाय नट आवळला की दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात. ओळखायची खूण सोपी आहे: नट सैल असताना चाक भुंगा फिरते, नट आवळला की जड होते. असे झाले तर गाडी गॅरेजबाहेर जाऊ देऊ नका.

टायरच्या बाबतीत फरक दिसतो त्यापेक्षा कमी असतो. टायरवरच्या मापात पहिला आकडा रुंदीचा (मिमी), दुसरा उंची रुंदीच्या किती टक्के त्याचा, तिसरा रिमच्या इंचांचा. १००/९०-१७ चा व्यास सुमारे ६१२ मिमी, १२०/८०-१७ चा सुमारे ६२४. घेर दोन टक्के वाढला, म्हणजे गियर तेवढे लांब झाले. उचल थोडी मंदावेल, पण यात घाबरण्यासारखे काही नाही. चाकाची त्रिज्या मात्र सहा मिमी वाढली. डबल स्टँडवर लावल्यावर मागचे चाक जमिनीला टेकू लागले तर कारण हेच. रुंद टायर चेनकव्हरला आणि मडगार्डच्या आतल्या बोल्टला घासतो का, ते दोन माणसे बसवून बघावे. रिकाम्या गाडीवर ते कळत नाही.

चाक २५ मिमी मागे गेले की चेन वर-खाली मिळून ५० मिमी जास्त लागते. ४२८ मापाच्या चेनचा पिच, म्हणजे एका कडीची लांबी, १२.७ मिमी, म्हणजे जवळजवळ चार कड्या. जुन्या चेनला चार नव्या कड्या जोडू नका. झिजलेल्या आणि नव्या कड्यांचा पिच एक नसतो, स्प्रॉकेटचे दात आठवड्यात खाल्ले जातात. लागेल तेवढ्या लांबीची पूर्ण नवी चेन घ्या आणि दोन्ही स्प्रॉकेटही नवे घ्या. आणलेल्या चाकावर ५२० चेनचे स्प्रॉकेट असेल तर त्याचा पिच १५.८७५ मिमी, पुढच्या ४२८ च्या स्प्रॉकेटशी त्याचा काही संबंध नाही. पुढचे आणि मागचे स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, हे सरळ पट्टीने बघा. दोन-तीन मिमीचा फरक हबच्या स्पेसरने काढता येतो, पण मग चाक गाडीच्या मध्यरेषेतून सरकते. दोन्ही एकदम जुळत नसतील तर तो संच त्या गाडीचा नाही, असे समजून सोडून द्यावा. मध्यरेषेसाठी दोरा पुरतो: मागच्या टायरच्या दोन्ही कडांना लावून दोरा पुढे न्या. मागे १२० आणि पुढे ८० चा टायर असेल तर पुढे दोन्ही बाजूंना सारखी, साधारण वीस मिमीची फट दिसली पाहिजे. चिमट्यावरच्या खुणांच्या रेघांवर भरवसा ठेवू नका. पिव्हटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा.

आता ब्रेक. जीव जातो तो इथेच. मागे डिस्क म्हटले की नुसते चाक नाही: कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), त्याचा ब्रॅकेट, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा पंप), ऑइलची टाकी, नळी, पुशरॉड (पेडलचा जोर पिस्टनला देणारा दांडा) असलेले पेडल आणि ब्रेक लाइटचा स्विच, हे सगळे एकाच मॉडेलचे हवे. ड्रमच्या गाडीच्या फुटरेस्टजवळ मास्टर सिलिंडर बसवायला जागा नसते, म्हणून पत्र्याची पट्टी वेल्ड केली जाते. पेडलवर पायाचा पूर्ण जोर येतो तेव्हा ती पट्टी वाकते, आणि वाकणारी पट्टी एक दिवस तुटते. फुटरेस्टचा पूर्ण ब्रॅकेटच बदलावा. कॅलिपरचा ब्रॅकेट चिमट्यावरच्या अडकवणीत नीट बसलाच पाहिजे. ब्रेक लागला की चाकाबरोबर फिरू पाहणारा कॅलिपर फक्त तिथेच अडतो.

पुशरॉडची लांबी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडून येणारे सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. पेडल पूर्ण सुटल्यावर पिस्टनचे रबर त्या छिद्राच्या मागे यायला हवे. पेडल ‘कडक’ लागावे म्हणून पुशरॉड लांब ठेवला की छिद्र झाकलेले राहते. मग चालताना तापलेले ऑइल फुगते, त्याला टाकीत परतायला वाट नसते, पॅड डिस्कला धरून बसतात, आणखी तापतात, आणि काही किलोमीटरवर मागचे चाक जाम होते. हे तपासायला हत्यार लागत नाही. टाकीचे झाकण उघडून पेडल हलकेच दाबा. ऑइलच्या पृष्ठभागावर पहिल्या क्षणी बारीक उसळी दिसली तर छिद्र मोकळे आहे. नाही दिसली तर पुशरॉड कमी करा, पेडलला दीड-दोन मिमीची ढिलाई द्या. जुन्या मास्टर सिलिंडरची आणि कॅलिपरची रबरे नवी घाला, नळीच्या बोल्टच्या दोन्ही तांब्याच्या वॉशर नव्या घाला, टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच ऑइल भरा आणि हवा पूर्ण काढा. चिमटा पूर्ण वर गेल्यावर ब्रेकची नळी दबली जाते का आणि पूर्ण खाली आल्यावर ताणली जाते का, हे शॉकअप काढून बघा. गाडीला एबीएस असेल तर मागच्या चाकाला सेन्सर आहे का हे आधी पाहा. असल्यास ही अदलाबदल करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक. चिमटा लांब आणि शॉकअपचे कान जुन्याच जागी, असे असेल तर तेच स्प्रिंग मऊ पडते. समजा, चिमटा ४८० वरून ५०५ मिमी झाला, तर चाकाशी मिळणारा कडकपणा सुमारे दहा टक्के घटतो. मागे बसणाऱ्याला खड्ड्यात तो कळतो.

साडी गार्ड काढून फेकू नये. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार सक्तीचे आहे, आणि ओढणी किंवा पदर चाकात गेला तर काय होते ते सांगायला नको.

कायद्याची बाजू ग्राहकाला कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ (४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात आड येतो, तो वेगळाच.

म्हणून गिऱ्हाइकांना आमचा सल्ला आधी ड्रमचा असतो. १५० च्या १३० मिमी ड्रमला नवे लाइनर (ड्रमला घासणारे अस्तर), साफ करून ग्रीस लावलेला कॅम (लाइनर ड्रमवर दाबणारा भाग) आणि ब्रेक लागताना रॉडशी जवळजवळ काटकोनात येणारा लिव्हर एवढे मिळाले तर तो आपले काम नीट करतो. त्याला लागणारा खर्च डिस्कच्या संचाच्या पासंगालाही पुरत नाही.

तरीही काही मालक बदल करणारच. इंजिन बदलणे, गॅस किट बसवणे यांसाठी परिवहन कार्यालयात अर्ज करून तपासणी घेण्याची वाट ठरलेली आहे. एकाच कंपनीच्या एका मॉडेलचा पूर्ण मागचा संच दुसऱ्या मॉडेलला बसवण्यासाठीही अशीच छापील, सोपी पद्धत परिवहन विभागाने ठरवावी, आणि आरसीवरचा व्हीलबेस त्या तपासणीनंतर दुरुस्त व्हावा. कंपन्यांनी पिव्हटची रुंदी, बुशच्या नळीची लांबी, एक्सलचा व्यास आणि स्प्रॉकेटची मध्यरेषेपासूनची जागा ही चार मापे सुट्या भागांच्या यादीत छापावीत. आणि गॅरेजवाल्यांनी, आमच्यासह, बिलामागे ही मापे, पिव्हट व एक्सलच्या नटाचा टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) आणि चेनच्या कड्यांची संख्या लिहून सही करून द्यावी. पुढच्या मेकॅनिकला ती गाडी उघडताना तेवढा कागद लागतो.

आपले,
दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातील काही कारागीर,
पिंपरी-चिंचवड