परदेशी जाणाऱ्याने किती बदलावे? सोलापूरचा अनुभव

मा. संपादक महोदय,
स. न.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. तेव्हापासून परदेशी नोकरीची चर्चा सोलापुरातील डॉक्टर-इंजिनिअरांच्या घरांपुरती उरलेली नाही. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर यांना तिकडे काम मिळू शकते हे कळल्यावर विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांतही ती ऐकू येऊ लागली आहे. तिच्याबरोबर एक जुना वादही पुन्हा निघतो: परक्या देशात स्थायिक होणाऱ्याने तिथली संस्कृती स्वीकारावी की नाही? काहीजण ‘देश तसा वेश’ म्हणून सगळेच बदलायला सांगतात, तर काहींना मुले तिकडे गेली की संस्कार बुडाले असे वाटते. या दोन्ही मतांत भाषा, कायदा, अन्न, पूजा, पोशाख आणि लग्नसंबंध हे सारे एकाच गाठोड्यात बांधले जाते आणि मग ते गाठोडे घ्यायचे की टाकायचे एवढाच प्रश्न उरतो. ही मांडणीच मला चुकीची वाटते.

माझे मत असे आहे की, नव्या देशाची भाषा शिकणे आणि त्याचा कायदा मनापासून पाळणे हे येणाऱ्याचे कर्तव्य आहे व त्यात सवलत मागू नये. घरातली भाषा, देव, सण आणि ताटातले अन्न यांचा हिशेब मात्र कोणत्याही देशाने त्याच्याकडे मागू नये. यातला पहिला भाग पार पडायचा असेल, तर येणाऱ्याला आपल्यात घेण्याची तयारी त्या देशाला आधी दाखवावी लागते, आणि नेमके हेच या चर्चेत सहसा राहून जाते.

मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षक होतो. माझ्या वर्गातील बहुसंख्य मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाई. त्यांचे पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातील, पूर्वज करीमनगर, वरंगळ, नलगोंडा या भागांतून सोलापुरात आले, तेव्हा तेलंगण निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होते. म्हणजे ते राज्याची सीमा ओलांडून, दुसऱ्या भाषेच्या आणि दुसऱ्या अमलाच्या मुलखात आले होते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाच्या काळातच, १८७७ साली, आपली ‘जुनी गिरणी’ उभी राहिली आणि पुढे विणकरांना हातमागावर, गिरणीत, नंतर नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर काम मिळत गेले. आज ज्या चादरीमुळे सोलापूरचे नाव देशभर घेतले जाते, ती विणण्यात या मंडळींचा वाटा केवढा मोठा आहे हे कोणत्याही सोलापूरकराला सांगावे लागत नाही.

या समाजाने काय बदलले आणि काय जपले, हे नीट पाहण्यासारखे आहे. नवरात्रात पूर्व भागातील स्त्रिया आजही बतुकम्मा, म्हणजे देवी म्हणून रचलेली फुलांची रास, मांडून तिच्याभोवती तेलुगू गाणी म्हणतात, आणि नारळी पौर्णिमेला या समाजाचे आराध्य मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा सारे शहर तो पाहायला जाते. त्याच समाजातून आलेले गंगाधर कुचन काँग्रेसतर्फे लोकसभेत गेले आणि नरसय्या आडम मार्क्सवादी पक्षातर्फे विधानसभेत. घरातली तेलुगू टिकली म्हणून सोलापूरवरची निष्ठा कमी झाल्याचे मला शिक्षक म्हणून कधी दिसले नाही. माझे विद्यार्थी घरी एक भाषा बोलत, फळ्यावर दुसरी लिहीत आणि गल्लीत कन्नड व दख्खनी उर्दूही समजून घेत. यामुळे त्यांचे मराठी कच्चे राहत नव्हते. शाळा कायमची सुटली की मगच ते कच्चे राही.

हे शेवटचे वाक्य मी जाणूनबुजून लिहिले आहे. ज्या मुलींची शाळा लवकर सुटली आणि ज्या घरी बसून विड्या वळू लागल्या, त्यांचे सारे जग तेलुगू गल्लीपुरते राहिले. पुढे त्यांना भविष्य निर्वाह निधीचा अर्ज भरायचा असे, रेशन कार्डावरचे नाव दुरुस्त करायचे असे किंवा दवाखान्यात दुखणे सांगायचे असे, तेव्हा मुलाचा किंवा शेजाऱ्याचा आधार घ्यावा लागे. आपल्या मजुरीचा हिशेब आपल्याला वाचता न येणे याचा अर्थ काय, हे मी या बायांच्या तोंडून ऐकले आहे. म्हणून नव्या देशाची भाषा शिका असे मी म्हणतो, तेव्हा यजमानांची मर्जी राखण्याचा विचार माझ्या मनात नसतो. कामाचा करार, भाड्याचा करार, पगाराची पावती आणि मुलाच्या शिक्षकाशी होणारे बोलणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागू नये, एवढीच माझी काळजी आहे.

आता यजमान देशाविषयी. पश्चिम जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. ते थोडी वर्षे राबून परत जातील असे गृहीत धरले होते, त्यामुळे त्यांना जर्मन शिकवण्याची गरज सरकारला वाटली नाही. १९७३ साली ही भरती थांबली, पण आलेली माणसे राहिली आणि त्यांनी आपली कुटुंबे तिकडे नेली. त्यांची मुले जर्मनीत जन्मली, तरी २००० सालापर्यंत केवळ तिथे जन्मल्यामुळे नागरिकत्व मिळण्याची तरतूद कायद्यात नव्हती. सुमारे ६०० तास भाषा आणि त्यानंतर कायदा, इतिहास व समाजव्यवहार यांची ओळख, असे देशव्यापी अभ्यासवर्ग २००५ साली सुरू झाले, म्हणजे तुर्कस्तानशी झालेल्या करारानंतर ४४ वर्षांनी. इतकी वर्षे दाराबाहेर ठेवलेल्या माणसाला ‘तुम्ही आमच्यात मिसळला नाहीत’ असे म्हणणे न्यायाचे नाही. आपली मुले आज तिकडे भाषा शिकून जात आहेत, हा जर्मनीने त्या अनुभवातून घेतलेला धडा आहे आणि तो स्वागतार्ह आहे.

मात्र प्रत्येक अट अशी न्याय्य नसते. डेन्मार्कने २०१९ पासून नागरिकत्वाच्या समारंभात अधिकाऱ्याशी हस्तांदोलन करण्याची सक्ती केली. परस्त्रीला किंवा परपुरुषाला स्पर्श न करण्याची ज्याची धार्मिक रीत आहे, त्याने कर भरला, भाषा शिकली, कायदा पाळला, तरी या एका क्षणी तो अपुरा ठरतो. हे मला मान्य नाही.

तितकेच स्पष्टपणे आपल्याविषयीही बोलले पाहिजे. आपण जे बरोबर नेतो ते सगळेच जपण्यासारखे नसते. अमेरिकेतील सिएटल शहराच्या परिषदेला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घालणारा ठराव कायद्यात आणावा लागला, कारण जात दक्षिण आशियातून येणाऱ्यांबरोबर तिथवर पोहोचली होती. आडनाव विचारून समोरच्याची पायरी ठरवणे, सुनेला घराबाहेर कोणाशी बोलू न देणे, मुलीच्या लग्नाचा निर्णय तिच्याशिवाय घेणे या गोष्टींना संस्कृती म्हणून कोणी संरक्षण मागू लागला, तर त्या देशाचा कायदा त्याच्यावर लागू झाला पाहिजे, आणि आपण मराठी माणसांनी कायद्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

या संदर्भात आपल्याच शहरात जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची आठवण ठेवावी. १९३८ साली ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले. ते स्थलांतरित म्हणून गेले नव्हते, पण राहिले. चिनी भाषा शिकून तीत रुग्णांशी बोलले, विद्यार्थ्यांना शिकवले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, १९४१ साली चिनी सहकारी परिचारिकेशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. चीनने त्यांना आपले मानले आणि सोलापूरनेही त्यांना कधी परके मानले नाही. भैय्या चौकातील त्यांचे स्मारक त्याची साक्ष आहे.

परदेशी रोजगारासाठी भाषावर्ग चालवणाऱ्या शासकीय यंत्रणेला आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे की, परीक्षेपुरते व्याकरण आणि शब्दसंग्रह शिकवून थांबू नये. नोकरीचा करार कसा वाचावा, आजारपणाची रजा आणि किमान वेतन यांचे नियम काय आहेत, मालकाविरुद्ध तक्रार कोठे करावी आणि स्त्रीला तिथल्या कायद्याने कोणते हक्क मिळतात, हे जर्मन भाषेतूनच शिकवावे. तसेच पूर्व भागातील ज्या मुलामुलींची घरची भाषा तेलुगू आहे, त्यांच्यासाठी असा एखादा वर्ग त्यांच्याच वस्तीजवळ, कामाच्या पाळीनंतरच्या वेळेत घ्यावा.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक,
सोलापूर