मास्तरांना खोटं बोलायला लावू का?

प्रिय बंड्या,

गुडघा आता बरा आहे, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. तब्येतीचं एवढंच. मला आपल्या मास्तरांबद्दल लिहायचंय, सिनेमात मी त्यांच्यावरून पात्र केलंय ना, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

थोरली घर सोडून गेलेल्या धाकट्याला शोधत मास्तरांकडे येते, त्या सीनवरून पटकथेच्या दुसऱ्या ड्राफ्टवर सगळ्यांचं म्हणणं आलं. निर्मात्याकडचा गृहस्थ म्हणतो, मास्तर काढूनच टाका, त्यांचं काम थोरलीच्या मैत्रिणीकडे द्या, एक नट वाचेल. संकलन करणाऱ्या ताई म्हणतात, सीन अर्ध्यावर आणा. लंब्याचं म्हणणं, सीन उचलून पहिल्या अर्ध्या तासात न्या. दिग्दर्शकाने समासात फक्त लिहिलंय, ‘इथे मी घड्याळ बघितलं.’

उपाय तीन, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, पण बोट चौघांचं एकाच जागी आहे. पान ५८ ते ६९. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असं धरतात, म्हणजे बारा मिनिटं, आणि तीही सिनेमाच्या ऐन मध्यावर. एकट्याला खटकलं असतं तर ज्याची त्याची आवड म्हणून सोडून दिलं असतं. चौघं त्याच पानांवर अडखळतात तेव्हा तिथे काहीतरी बिघडलंय हे मान्य करायला हवं. मात्र काय बिघडलंय हे त्यांच्या उपायांतून कळत नाही. ते लिहिणाऱ्यालाच शोधावं लागतं.

म्हणून सगळे सीन कार्डांवर उतरवले. प्रत्येक कार्डामागे दोनच गोष्टी लिहिल्या. इथे कुणाला काय हवंय, आणि ते द्यायला कोण तयार नाही. मास्तरांच्या कार्डावर पहिली ओळ लिहिली, ‘थोरलीला धाकट्याचा पत्ता हवाय.’ दुसरी ओळ सुचेना. कारण मास्तर पत्ता देऊन टाकतात! ती विचारते, ते सांगतात, मायेने सांगतात, आणि त्या मायेची बारा पानं होतात. ‘असं बघ’ म्हणून ते बोलायला लागले की मला थांबवतच नाही रे. संवाद मला अजून आवडतात, मोठ्याने वाचले की त्यांचा आवाज ऐकू येतो. पण त्या सीननंतर थोरलीने स्वतः काही मिळवलेलं नसतं. दुसऱ्याने दिलेला कागद घेऊन ती नुसती चालत राहते. ऐंशीव्या पानाजवळ ताईंनी लिहिलंय, ‘ही इथे थंड पडली.’ ती थंड पडते अठ्ठावन्नाव्या पानावर, कळतं ऐंशीव्यावर.

मग तिन्ही उपाय प्रामाणिकपणे करून पाहिले. सीन अर्धा केला तर पत्ता सहा मिनिटांत मिळतो, पण मिळतो फुकटच. पुढे आणला तर अर्ध्या तासात शोध संपतो, मग उरलेला सिनेमा कशाचा? आणि मैत्रिणीला धाकट्याचा ठावठिकाणा माहीत असायचं कारणच नाही. घर सोडून गेलेला मुलगा ज्याच्या दारात जाईल असा या गोष्टीत एकच माणूस आहे. आपल्यापैकी कुणी घर सोडलं असतं तरी त्याच दारात गेलो असतो.

मला सापडलेलं उत्तर असं. मास्तरांना पत्ता माहीत आहे आणि त्यांनी धाकट्याला शब्द दिलाय की सांगणार नाही. थोरली येते. समोर बुद्धिबळाचा पट, डाव अर्ध्यावर. मारलेली प्यादी पटाच्या कडेला ओळीने आडवी निजवलेली, तशी फक्त धाकटाच ठेवतो. ती विचारते, ‘तो आला होता?’ मास्तर म्हणतात, ‘नाही.’ एवढंच. आणि उंट उचलतात, क्षणभर धरतात, होता तिथेच ठेवतात.

तुला सांगायला नको त्याचा अर्थ काय. सोंगटीला हात लावला की चाल करायचीच, या नियमापायी तू किती डाव हरलास! वजीर जाताना डोळ्यांत पाणी यायचं, ‘पट डगमगला, मास्तर’ म्हणायचास, तरी त्यांनी कधी सोडलं नाही. तो माणूस स्वतः हात लावलेला उंट परत ठेवतो. थोरली त्यांच्याकडेच शिकलेली. ती एक अक्षर न बोलता उठते, कारण तिला कळलंय की धाकटा जवळच कुठेतरी आहे, आणि आता तिला तो स्वतःच शोधावा लागणार. बाराची चार पानं होतात आणि थोरली पुन्हा जिवंत होते. पटकथेत ‘मास्तर गप्प राहतात’ लिहून भागत नाही, नटाला आणि कॅमेऱ्याला करण्यासारखं काहीतरी लागतं. तो उंट सापडला तेव्हा रात्री एकटाच टाळ्या वाजवत होतो.

आणि सकाळी हात चालेना. कारण मी मास्तरांच्या तोंडी धडधडीत ‘नाही’ घातलंय. भर वर्गात ‘याचं उत्तर मला येत नाही, उद्या बघून सांगतो’ म्हणणारा माणूस तो. ज्यांना ते भेटले नाहीत त्यांच्यासाठी पडद्यावरचे मास्तर तेच खरे मास्तर होणार. पात्र आहे, माणूस नाही, हे मला समजतं. तरीही.

म्हणून आपलं जुनं भांडण उकरतोय. तुझे वडील तुला शोधत रात्री मास्तरांच्या दारात आले होते. तू आतल्या खोलीत, मी जिन्यावर. तू आयुष्यभर सांगत आलास की मास्तर तुझ्यासाठी खोटं बोलले, ‘तो इथे नाही’ म्हणाले. मला ऐकू आलेलं वेगळं होतं. ‘तो जिथे असेल तिथे सुखरूप आहे, तुम्ही घरी जा.’ लंब्याच्या लग्नात यावरून आपण पानावर शेजारी बसून एकमेकांशी बोललो नव्हतो. तेव्हा मला जिंकायचं होतं. आता मला खरंच जाणून घ्यायचंय. तुझं बरोबर असेल, तर एका पोरासाठी ते खोटं बोलू शकत होते आणि माझा ‘नाही’ त्यांचाच आहे. माझं बरोबर असेल, तर त्यांनी नुसतं खरं सांगायचं टाळलं, आणि मग सीनमध्ये प्रश्नाला उत्तरच नको, उंटच पुरे.

घाई अशासाठी की या ड्राफ्टनंतर सीन नंबर लॉक होतील. मग ४२ नंतर नवा सीन घालायचा तर तो ४२-ए होतो, काढलेल्याचा नंबर रिकामा तसाच राहतो, बदललेली पानं निळ्या-गुलाबी कागदावर समासात चांदणी टाकून सगळ्यांकडे जातात. बदल तेव्हाही होतो, पण प्रत्येकासोबत सगळं वेळापत्रक हलतं. मास्तर खोटं बोलतात की नाही हे सेटवर ठरावं असं मला अजिबात वाटत नाही.

तुझ्या बदलीचं लंब्याकडून कळलं. मनासारखी झाली ना? वहिनींना नमस्कार. छोटी पोहायला शिकली हे वाचून फार बरं वाटलं, तिला माझ्याकडून शाबासकी दे.

सोबत नवी चार पानं वेगळ्या पाकिटात घातलीत. ते पाकीट आधी फोडू नकोस. त्या रात्री आतल्या खोलीत तुला शब्दशः काय ऐकू आलं ते अगोदर लिहून काढ, मग पानं वाच. उलटं केलंस तर माझा सीन तुझ्या आठवणीत मिसळेल आणि दोन्ही निरुपयोगी होतील. आणि फोन नको, लिहूनच पाठव. फोनवर आपण पुन्हा भांडू.

तुझा,
नान्या