रविवारच्या कलादालन भेटीबद्दल

सभासदहो,

येत्या रविवारी मुंबईतल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जायचं ठरलं आहे, हे लक्षात असू द्या. सकाळी साडेअकराला दारापाशी भेटू. रीगल सिनेमाजवळ, शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या समोरच. चर्चगेटहून चालत साधारण वीस मिनिटं.

आपण जातोय त्या संग्रहालयाची इमारत म्हणजे १९११ साली बांधलेलं कावसजी जहांगीर सभागृह. त्याचं कलादालन व्हावं म्हणून शिल्पकार पिलू पोचखानावाला यांनी खूप धडपड केली. १९९६ मध्ये ते झालं, पण ते पाहायला त्या नव्हत्या. आत शिरल्यावर आधी इमारतच बघा. अर्धगोलाकार दालनं एकावर एक चढत जातात आणि शेवटी घुमटाखाली पोचतो. जिने बरेच आहेत, गुडघे दुखत असतील त्यांनी मला आधी कळवावं, आपण सावकाश जाऊ.

तिथली प्रदर्शनं बदलत असतात, त्यामुळे अमुकच चित्र दिसेल असं धरून येऊ नका. अमूर्त चित्रापुढे ‘हे काय आहे?’ विचारण्याआधी दोन मिनिटं नुसतं उभं राहा, एवढी माझी मनापासून विनंती. चित्रांना हात लावू नये, मुलांनाही सांगून ठेवा. मोठ्या पिशव्या घरीच ठेवा.

नंतर ज्यांना वेळ आहे ते काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत येतील. शुक्रवारपर्यंत नावं द्या.